वर काय आहे

नागपूरच्या उत्तरेला कन्हान नदीच्या काठाने कोळसा आहे. कामठी, सिल्लेवाडा, पिपळा, पाटणसावंगी, सावनेर या साऱ्या पट्ट्यात कापूस-तुरीच्या वावरांखाली गोंडवन काळातले कोळशाचे थर पसरले आहेत. थरांच्या वर कामठी वालुकाश्म आहे, ठिकठिकाणी भुसभुशीत आणि पाणी धरणारा. त्याच्याही वर नदीने आणून टाकलेला गाळ. शेतकऱ्याचा संबंध गाळाशी आणि खाणवाल्याचा कोळशाशी, त्यामुळे मधल्या दगडाची फिकीर करणारी माणसं थोडीच असतात. ही गोष्ट अशा एका माणसाची आणि एका वावराची आहे. माणसं कल्पित आहेत, पण नदी, माती आणि खाणीची रीत खरी आहे.

वावर एका विधवा बाईचं होतं. सारं गाव तिला मावशी म्हणायचं. दोन मुलगे. खाणीच्या तोंडाशी रस्ता आणि रेतीचा बंकर बांधायला कंपनीने तिच्या जमिनीचा एक तुकडा घेतला आणि त्याबदली थोरल्याला नोकरी लागली. आधी तो लोडर होता, मग परीक्षा देऊन मायनिंग सरदार झाला आणि कॉलनीत क्वार्टरवर राहायला गेला. धाकटा उरलेल्या वावरात राबायचा. मावशी त्याच्यासोबत वावरातल्याच दोन खोल्यांत राहायची, विहिरीला लागून.

1980 च्या दशकातला एक उन्हाळा संपत आला होता. एका सकाळी खाणीचा सर्व्हेअर दोन मदतनिसांना घेऊन वावरात आला आणि लोखंडी खुंट्या ठोकू लागला. दर दहा मीटरवर एक खुंटी, तिच्या बुडाशी सिमेंट, डोक्यावर तांबड्या रंगात आकडा. एक रांग वावराच्या लांबीने गेली, दुसरी तिला आडवी. दोन्ही रांगा बांध ओलांडून शेजारच्या वावरात शिरल्या.

"काय जी बाबूजी, माह्या वावरात हे कायले गाडून राह्यले?"

"वावर खाली जाईल का, आणि गेलं तर किती जाईल, ते मोजायचं आहे मावशी."

"वावर कुठं जाते?"

सर्व्हेअर उठून निघून गेला असता तरी त्याला कोणी काही म्हणालं नसतं. जमिनीखालच्या कामाबद्दल वरच्या माणसाला समजावून सांगणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. पण तो बांधावर बसला आणि काडीने मातीत चौकटी काढू लागला.

खाली उतरलं की समोर कोळशाची भिंत लागते. ती पोखरत चार मीटर रुंदीच्या गॅलऱ्या काढतात, काही आडव्या, त्यांना लेव्हल म्हणतात, काही त्यांना छेदून उताराने जाणाऱ्या, त्यांना डिप म्हणतात. त्यांच्यामध्ये उरतात ते कोळशाचे चौकोनी खांब. या खाणीत एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 18 मीटर अंतर होतं. हिशेब केला तर एवढं पोखरूनही निम्म्याहून जास्त कोळसा खांबांतच उरतो, आणि तो उरतो तोवर वरची जमीन सहसा हलत नाही. पण खाण उभी राहिली, रूळ पडले, पंप बसले, की कंपनीची नजर त्या खांबांवर जाते. टोकाकडून सुरुवात करून मागे मागे येत खांब काढायचे, याला डिपिलरिंग म्हणतात. खांब गेला की छत बसतं. छत बसलं की त्याच्यावरचा दगड, मग गाळ, आणि सरतेशेवटी मावशीचं वावर.

"मंग काढू नका नं खांब."

"काढतील मावशी. पण रिकामी जागा रेतीने भरत जातील. तशी अटच आहे. दुसऱ्याच्या घरापासून 45 मीटरच्या आत असं काम न्यायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची लेखी परवानगी लागते. तुमच्या घरामुळे ती मागावी लागली, आणि मिळाली ती रेती भरण्याच्या बोलीवर."

"कोणती रेती?"

"तुमच्या कन्हानचीच."

ही रेतीभराई, खाणीतल्या भाषेत स्टोइंग, हे भारतातल्या कोळसा खाणींचं जुनं शहाणपण आहे. त्यासाठी 1939 मध्ये कायदा झाला, स्टोइंग बोर्ड स्थापन झालं आणि कोळशावर उपकर लागला, तो याच कामाला मदत देण्यासाठी. बंकरमध्ये रेतीवर पाण्याचा जोरदार मारा करतात. रेती आणि पाणी पाइपातून खाली उतरतं आणि खांब काढून रिकाम्या झालेल्या जागेत, ज्याला गोफ म्हणतात तिथे, जाऊन पडतं. पुढे बांबू आणि गोणपाटाची आड उभी केलेली असते. रेती मागे थांबते, पाणी झिरपून बाहेर येतं, सम्पमध्ये साठतं आणि पंपाने परत वर जातं. एक टन कोळशामागे पाऊण ते एक घनमीटर रेती लागते. काम कष्टाचं आणि खर्चाचं आहे, आणि त्या कामातून थेट कोळसा निघत नाही. म्हणूनच ते टाळण्याचा मोह होतो.

छत तसंच पडू दिलं तर तीन मीटर जाडीच्या कामावरची जमीन दीड मीटरच्या आसपास खाली जाऊ शकते. रेती नीट दाबून भरली तर जाडीच्या साधारण पाच टक्के, म्हणजे 15 सेंटिमीटर. सर्व्हेअरने फील्डबुकच्या पहिल्या पानावर लिहिलं: अंदाज, जास्तीत जास्त 150 मिलिमीटर. खाली तारीख घातली. आकडा आधी लिहायचा आणि मग मोजायचं, ही त्याची रीत होती. मोजून झाल्यावर अंदाज सांगणाऱ्याचं कधीच चुकत नाही, असं तो मदतनिसांना सांगायचा.

मावशीने विचारलं की काम माह्या वावराखाली, तर शेजाऱ्याच्या वावरात खुंट्या कशाला? प्रश्न चांगला होता. जमीन काही खालच्या कामाच्या कडेशी सरळ रेषेत कापली जात नाही. खचण तिरकी होत बाहेर पसरते आणि वर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. त्याच्या मधोमध असलेलं घर सरळ खाली गेलं तर कदाचित टिकेल. कडेवरच्या घराचा मात्र एक कोपरा खाली जातो, दुसरा जागेवर राहतो, जमीन ताणली जाते आणि भिंत तडकते. मावशीचं घर कडेवर होतं.

पाऊस पडला. धाकट्याने वखर जुंपला. सात नंबरची खुंटी बरोबर तासात येत होती. बैल अडखळायचे. एका दुपारी त्याने ती पहारीने उपटली, तास पूर्ण केलं आणि मग अंदाजाने पुन्हा ठोकून दिली. त्याच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

दर आठवड्याला सर्व्हेअर यायचा. गावातल्या मारुतीच्या पारावर, जिथे खालून काहीच काढलेलं नव्हतं, तिथे त्याचा बेंचमार्क होता. तिथून लेव्हल लावत लावत तो वावरात उतरायचा. मदतनीस खुंटीच्या डोक्यावर पट्टी उभी धरायचा, सर्व्हेअर दुर्बिणीत डोळा घालून मिलिमीटरपर्यंत आकडा बोलायचा आणि दुसरा मदतनीस तो लिहायचा. त्या आठवड्यात सातव्या खुंटीपाशी सर्व्हेअर थांबला. पट्टी पुन्हा धरायला लावली. खुंटी मागच्या वेळेपेक्षा 30 मिलिमीटर वर होती. आजूबाजूची जमीन हळूहळू बसत असताना एकच खुंटी वर येत नाही.

त्याने धाकट्याला हाक मारली. पोरगा आधी गप्प राहिला, मग म्हणाला, "मीच उपटली जी. वखराले आडवी येत होती."

"बरं झालं सांगितलंस," एवढंच सर्व्हेअर म्हणाला. सातव्या खुंटीची सगळी ओळ त्याने एका रेघेने खोडली, खोडलेले आकडे वाचता येतील अशी, आणि समासात लिहिलं: खुंटी उपटून पुन्हा ठोकली आहे, येथून नवीन वाचन धरावे. मग धाकट्याला म्हणाला, "पुन्हा आडवी आली तर उपट, पण मला सांग. उपटलेली खुंटी मला चालते. न सांगता उपटलेली चालत नाही."

भाद्रपदात कन्हानला मोठा पूर आला. पावसाळ्यात पात्रातून रेती उचलता येत नाही, म्हणून उन्हाळ्यातच ढीग करून ठेवतात. त्या वर्षी ढीग कमी पडला. खाली खांब काढणं सुरूच होतं, कारण महिन्याचं उद्दिष्ट नदीला पूर आहे की नाही ते विचारत नाही. रात्रपाळीला थोरला स्टोइंगवर होता. बंकरमधून पाणीच जास्त येत होतं. खांबाचे तीन तुकडे काढून झालेले, त्यांच्या जागा रिकाम्या. त्याचा वरिष्ठ, ओव्हरमन, म्हणाला, "आड बांधून घे आणि भराई पूर्ण लिही. ट्रक सुरू झाले की मागून भरू." थोरल्याने गोणपाट लावलं, बांबू ठोकले आणि रजिस्टरात लिहिलं: चार लेव्हल, सहा डिप, भराई पूर्ण. घरी जाऊन झोपला. तो काही वाईट माणूस नव्हता. मागून भरू, यावर त्याचा विश्वास होता. पण एकदा आडोसा बांधला की पलीकडचं दिसत नाही, पुढच्या पाळीला पुढचं काम असतं, आणि "पूर्ण" लिहिलेल्या जागेकडे परत कोणी जात नाही.

दसऱ्याच्या आसपास सर्व्हेअरच्या वहीत आठव्या आणि नवव्या खुंटीचे आकडे बिघडू लागले. तोवर सगळी रांग शिस्तीत बसत होती, दोन महिन्यांत 40 मिलिमीटर. मग एका आठवड्यात आठव्या खुंटीने 22 मिलिमीटर सोडले, नवव्याने 19. पहिल्या पानावरच्या 150 पर्यंत यायला अजून जागा होती, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही असं कोणीही म्हटलं असतं. पण सर्व्हेअर नुसता आकडा बघत नव्हता, आकड्याची चाल बघत होता. रेतीवर बसणारी जमीन अशी झटक्याने उतरत नाही.

त्याला आणखी एका गोष्टीची धास्ती होती. वावराच्या या टोकाला कोळसा वर चढत आलेला, खोली जेमतेम 35 मीटर. बशीसारखी खचण खुंट्यांना कळते. उथळ कामावर दुसरी एक गोष्ट होते, ती बहुतेक वेळा खुंट्यांना कळवून येत नाही. दोन गॅलऱ्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथलं छत सगळ्यात कमजोर. ते पडतं. पडलेला दगड मोकळा होऊन जास्त जागा व्यापतो, आणि खाली जागा कमी असेल तर ढीग छताला टेकतो आणि पडणं थांबतं. पण खाली रिकामी जागा भरपूर असेल तर दगड बाजूला पसरत राहतो आणि पोकळी एकेक थर सोडत वर चढत जाते. मधे कठीण दगड असेल तर तो तिला थोपवतो. कामठी वालुकाश्म भुसभुशीत असेल तर त्याचा भरवसा नाही. पोकळी गाळापर्यंत पोचली की वरचं सगळं एकदम आत जातं. भगदाड पडतं. तशा ठिकाणी माणसांना वाचवणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे खाली काय काढलं आणि काय भरलं याची खरी नोंद.

त्याने रजिस्टर मागवलं. चार लेव्हल, सहा डिप, भराई पूर्ण. सही ओळखीची होती. थोरल्याला त्याने पाळी संपल्यावर ऑफिसात बोलावलं.

सर्व्हे ऑफिसात काचेचं टेबल होतं, काचेखाली दिवा. सर्व्हेअरने त्यावर खाणीचा नकाशा पसरला. थोरल्याला तो पाठ होता. कुठल्या लेव्हलला पंप आहे, कुठे हॉलेजचा दोर वळतो, कुठे छताला बोल्ट मारले आहेत, सगळं तो डोळे मिटून सांगू शकला असता. मग सर्व्हेअरने त्यावर ट्रेसिंगचा दुसरा कागद ठेवला. त्यावर बारीक शाईने बांध काढलेले, पायवाट, एक आंब्याचं झाड, एक गोल, दोन चौकोन. त्याने दोन्ही कागदांच्या कोपऱ्यातल्या खुणा जुळवल्या आणि दिवा लावला.

थोरला वाकून बघत राहिला. सहा डिप जिथे चार लेव्हलला छेदत होती, त्या छेदाच्या अगदी कडेला तो गोल आला होता. दोन्ही चौकोन गोलापासून बोटभर अंतरावर.

"ही विहीर?"

"विहीर. हा गोठा. हे घर."

इतकी वर्षं तो खाली उतरत होता. खालच्या जागेला नंबर होते, वरच्या जागेला नावं होती. नंबरावर नाव ठेवून बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती आणि तसं बघ म्हणून कोणी शिकवलंही नव्हतं.

"तीन तुकडे," तो म्हणाला. "तिन्ही रिकामे आहेत. रेती नव्हती."

दोघं त्याच पावली मॅनेजरकडे गेले. मॅनेजरने आधी वही बघितली आणि तिथेच बोट ठेवलं जिथे कोणीही ठेवलं असतं. "ही सात नंबरची ओळ खोडली आहे. खुंट्या उपटल्या जातात, पुन्हा ठोकल्या जातात. अशा मोजणीवर मी त्या भागातलं काम, सगळं पॅनेल, बंद करू?"

"उपटली ती सात नंबरची, म्हणून ती खोडली, साहेब. आठ आणि नऊ कोणी उपटलेल्या नाहीत. उपटल्या असत्या तर तेही इथे लिहिलेलं असतं."

खोडलेल्या ओळीमुळेच उरलेल्या ओळींना वजन आलं. मॅनेजरने रात्रीच आड फोडून बघायला लावली. दिव्याचा झोत आत गेला आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत कुठेही रेतीला लागला नाही. छेदावरचं छत आधीच पडलेलं, आणि वर काळ्या पोकळीत टपटप पाणी गळत होतं. आत माणूस पाठवणं शक्य नव्हतं. पॅनेल त्याच क्षणी थांबलं. वरून बोअर मारून रेती सोडायची असं ठरलं आणि बोअरच्या मशीनसाठी निरोप गेला. इथे मॅनेजरला श्रेय द्यायला हवं. उद्दिष्ट चुकणार हे माहीत असताना त्याने एका वहीवर विश्वास ठेवला.

थोरला पहाटे वावरात पोचला.

"माय, घर खाली कर. आत्ताच."

"काऊन?"

त्याने सांगितलं. रेती, आड, रजिस्टर, सगळं. मावशी ऐकत होती.

"भरलं नाही, त मंग भरलं म्हून लिहिलं कायले?"

"सायबानं सांगतलं."

"सायबाचं घर हाये का वर?"

तो गप्प. मावशीने भांडी पोत्यात भरायला घेतली. धाकटा बैल सोडायला गोठ्याकडे धावला. मग ती थांबली आणि थोरल्याकडे वळून म्हणाली, "माह्या घराखाली निघालं म्हून धावत आला तू. दुसऱ्या कोनाच्या घराखाली असतं, त आला असता का?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या वावरात सालदाराचं कुटुंब झोपडीत होतं. मावशीने त्याला आधी तिकडे पाठवलं, सामान नंतर उचललं.

चौथ्या रात्री भगदाड पडलं. सहा मीटर रुंद, पाच मीटर खोल, कडा उभ्या कापल्यासारख्या. गोठा अर्धा आत गेला, विहिरीचा कठडा गेला आणि विहिरीचं पाणी सकाळपर्यंत आटलं. आठ आणि नऊ नंबरच्या खुंट्या पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत. माणूस किंवा जनावर एकही गेलं नाही.

गोष्टीत असं होऊ शकतं. प्रत्यक्षात काय होतं ते विदर्भाने पाहिलं आहे. 26 ऑगस्ट 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये, अमराई वॉर्डात, एक राहतं घर जमिनीत गेलं. खड्डा साठ-सत्तर फूट खोल असल्याचं वृत्तपत्रांनी लिहिलं. घरच्यांना हादरा जाणवला आणि ते बाहेर धावले म्हणून बचावले. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडून हलावं लागलं. त्या वस्तीखाली फार पूर्वी बंद झालेली भूमिगत खाण होती.  अशा ठिकाणी खुंट्या ठोकणार तरी कोण? खाण बंद झाली की मोजणारा निघून जातो, खांब मात्र खाली उभे असतात. वर्षानुवर्षं पाण्यात भिजत, कडेने झडत, एकेक सेंटिमीटर बारीक होत. जमीन खचायची वेळ खाण चालू असतानाच येईल असं नाही, ती पन्नास वर्षांनीही येऊ शकते, आणि तोवर वर वस्ती झालेली असते, नळ आलेले असतात, मतदार यादी तयार झालेली असते. ब्रिटनने 1872 च्या कायद्यातच बंद पडणाऱ्या कोळसा खाणीचा नकाशा सरकारजमा करायला लावला, आणि आज तिथे खाणपट्ट्यात घर विकत घेणारा माणूस सही करण्याआधी खाली काय आहे याचा अहवाल मागवतो. आपल्याकडेही खाणीचे नकाशे ठेवण्याचे नियम आहेत. ते नकाशे वर राहणाऱ्या माणसाच्या हाती पडतील अशी सोय मात्र झाली पाहिजे, आणि ती झाल्याशिवाय उपग्रहाच्या रडारने जमिनीची हालचाल कितीही बारीक मोजली तरी अमराईसारख्या वॉर्डातल्या बाईपर्यंत ती माहिती पोचणार नाही.

गोष्ट अजून थोडी उरली आहे.

ओव्हरमनवर आणि थोरल्यावर चौकशी बसली. थोरल्याची पगारवाढ रोखली गेली. त्याने जबाबात आपली चूक लपवली नाही आणि ओव्हरमनचं नावही लपवलं नाही, त्यामुळे काही दिवस कँटीनमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसत नव्हतं. भगदाड मुरूम आणि रेतीने भरलं गेलं, बोअरमधून खालीही रेती गेली. मावशीला नवी विहीर मिळाली, पण त्यात दोन वर्षं गेली आणि मधल्या दोन्ही उन्हाळ्यांत तिने बैलगाडीवर पाणी आणलं.

पुन्हा स्टोइंगवर रुजू झाला तेव्हा थोरल्याने रजिस्टरात हाताने एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं: वर काय आहे. नमुन्यात असा रकाना नव्हता. ओव्हरमन बदलून आलेला होता, तो म्हणाला, हे काय नवीन? थोरला दर सोमवारी सर्व्हे ऑफिसात जायचा, काचेच्या टेबलावर कागद जुळवून बघायचा आणि रकाना भरायचा. तूर. कच्चा रस्ता. अमुकाची विहीर. पडीक. तूर. एका पाळीला रेती पुन्हा कमी आली. त्याने लिहिलं: भराई अपूर्ण, वर दोन घरे. त्या नोंदीमुळे पुढचं काम दीड दिवस अडलं आणि मॅनेजरने त्याला बोलावून खूप सुनावलं. पण नोंद खोडायला मॅनेजरने सांगितलं नाही आणि रेतीचे ट्रक दुसऱ्या खाणीकडून वळवून आणले.

मावशीचं एवढ्याने समाधान होईना. "तुमच्या टेबलावर दिसते, आमाले कुठं दिसते?" असं ती सर्व्हेअरला प्रत्येक खेपेला विचारायची. शेवटी त्याने मॅनेजरच्या परवानगीने दोन्ही कागद एकत्र करून एक नवा नकाशा काढला. काळ्या शाईने गाव, तांबड्या शाईने खालच्या गॅलऱ्या, आणि जिथे भराई झाली तिथे तिरक्या रेघा. परवानगी मिळायला बरेच दिवस गेले. लोक घाबरतील, नुकसानभरपाईसाठी रांग लावतील, असं कंपनीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. ती भीती अगदीच खोटीही नव्हती.

ग्रामसभेत तो कागद शाळेच्या फळ्यावर टाचला. पहिला अर्धा तास कोणीच काही ऐकत नव्हतं. जो तो आपलं घर शोधत होता. ज्याच्या घराखाली तांबडी रेघ नव्हती तो मागे जाऊन बसला, ज्याच्या खाली होती तो पुढे सरकला. एका म्हाताऱ्याने आपलं घर रेघेच्या डावीकडे आहे की उजवीकडे यावरून सर्व्हेअरशी वाद घातला, आणि मोजून बघितलं तर म्हाताऱ्याचं बरोबर निघालं. सर्व्हेअरने तिथल्या तिथे नकाशा दुरुस्त केला.

मग मावशी उठली. पदर खोचून फळ्यापाशी गेली आणि जिथे सगळे उभे होते त्याच शाळेच्या चौकोनावर बोट ठेवलं. खाली चार खांब होते, अजून न काढलेले.

"हे काढनार का ठेवनार?"

मॅनेजर सांगू लागला की पुढच्या वर्षीचा आराखडा अजून मंजूर व्हायचा आहे, परवानगीचा अर्ज जायचा आहे, रेती किती उपलब्ध होते त्यावर बरंच अवलंबून राहील. मावशीने त्याला पूर्ण बोलू दिलं.

"मले थे नाई समजत जी. काढनार का ठेवनार?"

मॅनेजरने नकाशाकडे पाहिलं. चार खांबांत किती टन कोळसा आहे हे त्याला तोंडपाठ होतं.

"ठेवणार."

"लिहून द्या."

ग्रामसेवकाने इतिवृत्ताची वही पुढे केली. मॅनेजरने लिहिलं, शाळेखालील चारही खांब कायम ठेवण्यात येतील, आणि सही केली. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने वही थोरल्याकडे दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायला लावली.